मेंदूज्वर उतरल्यावर

मेंदूज्वरातून वाचलेलं लेकरू घेऊन आईबाप दवाखान्याबाहेर पडतात तेव्हा हातात सुट्टीचा कागद असतो, औषधांची पिशवी असते आणि मनात एकच प्रश्न असतो : पुन्हा तर नाही ना होणार जी? वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. इथल्या एखाद्या लहानग्याला ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, झटका आला, की पुढची वाट ठरलेली असते. आधी गावातला दवाखाना, मग हिंगणघाट, तिथून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, फारच बिघडलं तर नागपूरचं मेडिकल. जाताना फक्त जीव वाचावा एवढंच मागणं असतं. परतताना तो प्रश्न सोबत येतो आणि पुढे कित्येक महिने घरातून हलत नाही.

डॉक्टर बहुधा सांगतात, 'नाही होणार, काळजी करू नका.' बहुतेक मुलांच्या बाबतीत हे खरंच असतं. तरीही हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यात 'का नाही' हे कुणी सांगत नाही, आणि ज्या थोड्या मुलांना हा आजार खरोखर पुन्हा होऊ शकतो त्यांची वेगळी चौकशी या दिलाशात राहून जाते. पुन्हा होण्याचा धोका दोन गोष्टींवरून ठरतो. पहिल्या वेळी जंतू कोणता होता, आणि तो नेमका याच लेकराच्या मेंदूपर्यंत कसा पोचला. या दोन गोष्टी कागदावर असतील तर आईबापांना नेमकं उत्तर मिळू शकतं. नसतील तर प्रत्येक तापाला घर हादरतं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पातळ आवरणं असतात, त्यांच्यामध्ये स्वच्छ पाणी खेळत असतं. या आवरणांना सूज येणं म्हणजे मेनिंजायटिस. खुद्द मेंदूला सूज येते तो एन्सेफलायटिस. मराठीत दोन्हींना सर्रास मेंदूज्वर म्हटलं जातं, आणि विदर्भात त्या शब्दामागे मोठी दहशत आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला विषाणू त्या गावाच्याच नावाने जगभर ओळखला जातो. वालुमाशीच्या चाव्यातून तो पसरतो. २००७ मध्ये नागपूर विभागात या विषाणूने लहान मुलांमध्ये साथ आणली होती, आणि आजारी पडलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास मुलं दगावली. चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत हातातून गेलेली लेकरं ज्यांनी पाहिली, त्यांना मेंदूज्वर म्हटलं की तेच आठवतं. पण दवाखान्यातून बरं होऊन आलेल्या मुलाला तोच आजार होता असं नसतं. त्याच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब त्या साथीवरून मांडता येत नाही.

मग कोणता आजार होता हे कळावं कसं? त्यासाठी पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं. मान आखडणं, पाय सरळ करताना दुखणं अशी लक्षणं पुस्तकात ठळक छापलेली असतात, पण ती फार भरवशाची नाहीत. हे सेवाग्रामच्याच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. मेंदूज्वराचा संशय असलेले बारा वर्षांवरचे साधारण १९० रुग्ण त्यांनी तपासले, प्रत्येकाच्या पाठीतलं पाणी पाहिलं, आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला : या लक्षणांवरून मेनिंजायटिस आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. तान्ह्या मुलांत तर मान आखडतेच असं नाही. दूध ओढत नाही, एकसारखं किरकिरतं, टाळू फुगलेली आहे, एवढंच दिसतं. म्हणून सुईला पर्याय नाही.

आणि सुईचीच सगळ्यात जास्त भीती. 'पाठीतून पाणी काढलं की लेकरू लुळं पडतं' हे वाक्य वॉर्डात कुणीतरी म्हणतंच. सुई कमरेच्या खाली जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, पुढे फक्त शिरांचे धागे पाण्यात तरंगत असतात. काढलेलं थोडंसं पाणी शरीर काही तासांत भरून काढतं. ज्या मुलांना पुढे अशक्तपणा राहतो, त्यांच्यात तो आजाराने आलेला असतो. मात्र घरच्यांनी होकार द्यायला दोन दिवस लावले, किंवा त्याआधीच कुणी अँटिबायोटिकची चार इंजेक्शनं देऊन ठेवली, तर पाण्यातला जंतू मरून गेलेला असतो. पेशी, साखर, प्रथिनं यांवरून आजार जिवाणूचा होता एवढं कळतं, पण कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि कोणता जिवाणू ते कळायचं राहून जातं. अशा मुलावर उपचार होतात, ते बरंही होतं, पण 'पुन्हा होईल का' याचं नेमकं उत्तर तिथेच हरवतं. कुणाला दोष द्यावा असं यात काही नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला पहिलं इंजेक्शन लवकर मिळणं जिवाच्या दृष्टीने योग्यच असतं. पण ते दिलं त्याची वेळ आणि नाव चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवलं, तर पुढच्या डॉक्टरांना कल्चरचा अर्थ लावता येतो.

आता पुन्हा होण्याविषयी. मुलांमध्ये आवरणांची सूज अनेकदा विषाणूंची असते. ती बहुधा आपोआप उतरते आणि मागे फारसं काही ठेवत नाही. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली म्हणजे आजार उलटणं : उपचार थांबल्यावर दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप परत येणं, म्हणजे आधीचाच जंतू पुरता मेलेला नव्हता. नवजात बाळांत ही शक्यता जास्त, म्हणून त्यांना काही जंतूंसाठी तीन आठवडे शिरेतून औषध देतात. मोठ्या मुलांत जंतूप्रमाणे सात ते चौदा दिवस लागतात. 'आता तर खेळतोय, घरी नेतो' म्हणून मधेच सुट्टी घेतली जाते, तो धोका इथे आहे. पूर्ण मुदतीचं औषध झालेल्या मुलात आजार उलटणं क्वचितच घडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे महिन्यांनी, वर्षांनी नव्याने मेनिंजायटिस होणं. हे फार थोड्या मुलांत होतं. पण ज्यांच्यात होतं त्यांच्यात बहुधा शोधण्यासारखं कारण असतं. मेलबर्नच्या दोन डॉक्टरांनी २००८ साली जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून अशा वारंवार मेनिंजायटिस झालेल्या ३६३ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांतल्या ५९ टक्क्यांमध्ये शरीराच्या रचनेत कुठेतरी वाट उघडी होती, ३६ टक्क्यांमध्ये प्रतिकारशक्तीचा दोष होता, आणि उरलेल्या ५ टक्क्यांत मेंदूजवळच्या हाडात किंवा पोकळीत जुना संसर्ग दडलेला होता. दोनदा मेनिंजायटिस झालेल्या मुलाला 'नशीब' म्हणून सोडून देता येत नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट होतं.

यांतल्या काही वाटा घरच्यांच्याही नजरेला येऊ शकतात. दुचाकीवरून किंवा गच्चीवरून पडून डोक्याला मार लागला आणि त्यानंतर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं थेंब थेंब गळतंय, तर ती सर्दी नसण्याची शक्यता असते. मेंदूभोवतीचं पाणी कवटीच्या बारीक भेगेतून वाहत असतं, आणि त्याच भेगेतून नाकातले जंतू आत जातात. पाठीच्या मधोमध, माकडहाडाच्या वर, बारीक छिद्र किंवा केसांचा झुपका असेल, तिथून कधी ओल येत असेल, तर तेही दाखवायला हवं. जन्मतः एका कानाने ऐकू न येणाऱ्या मुलात कधी आतल्या कानाची रचनाच अपुरी असते आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत थेट रस्ता राहतो. आणि कान फुटणं. आपल्याकडे मुलाचा कान वर्षानुवर्षं वाहत असला तरी तेल टाकून, कापूस घालून भागवलं जातं. त्या कानामागच्या हाडापासून मेंदूचं आवरण हाकेच्या अंतरावर असतं.

विदर्भासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचं कारण रक्तात आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद लॅन्सेटमध्ये छापली, तेव्हापासून हा आजार आपल्या भागात किती खोलवर आहे ते कळत आलं आहे. सिकलसेलच्या रुग्णात पानथरीचं, म्हणजे प्लीहेचं, काम हळूहळू मंदावतं. रक्तातले न्यूमोकॉकससारखे वेष्टण असलेले जंतू गाळून काढणं हे तिचंच काम, आणि न्यूमोकॉकस हा मुलांमधल्या मेनिंजायटिसचा एक मुख्य जंतू आहे. अमेरिकेत १९८६ साली छापलेल्या एका प्रसिद्ध चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडच्या रुग्णांत आजाराचं रूप आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बहुधा सौम्य असतं, प्लीहाही जास्त काळ टिकते, तरी ही जोखीम संपत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या कोणत्याही मुलाला जिवाणूंचा मेनिंजायटिस झाला तर सुट्टी देण्याआधी त्याची सिकलसेलची तपासणी झालेली असावी. सोल्युबिलिटी टेस्ट बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी मूल वाहक आहे की रुग्ण ते सांगते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत या तपासण्या आहेतच. वाहक मुलाला हा वाढीव धोका नसतो, हेही घरच्यांना त्याच वेळी सांगावं, नाहीतर एक भीती जाऊन दुसरी येते.

क्षयाचा मेनिंजायटिस हा वेगळाच आजार समजावा. तो एका रात्रीत येत नाही. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, चिडचिड, भूक मेलेली, वजन उतरलेलं, मग उलट्या आणि गुंगी. निदान अवघड, कारण पाण्यात जंतू फार कमी असतात. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये याच निदानावर बरीच वर्षं संशोधन झालं आहे. आता सीबीनॅट आणि गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र यांच्यामुळे काही तासांत उत्तर मिळू शकतं, तरी ते निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं म्हणता येत नाही.

इथे पुन्हा आजारी पडण्याची भीती खरी आहे आणि ती टाळणं बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात आहे. आपल्याकडे या आजारावर साधारण वर्षभर गोळ्या चालतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल अंगणवाडीत खेळायला लागतं, गोळ्यांचा कंटाळा येतो, कापूस वेचायच्या दिवसांत आईला दवाखान्याची खेप जमत नाही, आणि औषध सुटतं. सुटलेलं औषध म्हणजे उलटलेला आजार, कदाचित औषधाला न जुमानणारा. काही मुलांत औषध नीट चालू असतानाही मधेच ताप किंवा डोकेदुखी वाढते. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया म्हणून असं होऊ शकतं. अशा वेळी गोळ्या स्वतःहून बंद न करता दाखवायला जावं. डोक्यात पाणी साचलं म्हणून नळी बसवलेली असेल तर डोकेदुखी, उलटी, सुस्ती यांपैकी काहीही झालं तरी वाट बघू नये, नळी तुंबलेली असू शकते.

आणखी एक, जे बोलायला घरात संकोच वाटतो. लहान मुलाला क्षय बहुधा मोठ्या माणसाकडून होतो. आजोबांचा जुना खोकला, काकांचा 'सिगरेटचा' खोकला, शेजारची खोकणारी बाई. मुलावर वर्षभर उपचार करून त्याला त्याच खोलीत त्याच खोकल्यासोबत झोपवायचं, तर उपचारांचा अर्थ काय उरतो? घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि धाकट्या भावंडांना प्रतिबंधक औषध हे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातच आहे, ते मागून घ्यावं. निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत, तेही त्या लेकराच्या हक्काचे आहेत.

घरी परतल्यावर पहिला साधा ताप येतो तेव्हा काय होतं, ते ज्या घरात घडलं त्यांनाच ठाऊक. आई रात्रभर मान हलवून बघते, बाप दर तासाला टॉर्च घेऊन उभा. ही भीती वेडेपणा नाही. त्यांनी एकदा पाहिलेलं आहे. तिला आकार देता येतो, एवढंच. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात कित्येकदा ताप येणारच, आणि त्यांतले बहुतेक सर्दी-पडशाचे असतात. औषधाने ताप उतरल्यावर मूल खेळतंय, ओळखतंय, पाणी मागतंय, तर त्याच्याकडे घरीच लक्ष ठेवता येतं. मूल जागं करूनही नीट जागं होत नाही, सतत उलटी करतं, तान्ह्याची टाळू फुगली आहे, अंगावर दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके आले, झटका आला, तर १०८ ला फोन करायचा. तापातले साधे झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात येतात आणि साधारण तिघांतल्या एका मुलाला ते पुन्हाही येतात. पण मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलाचा झटका 'तापाचाच असेल' म्हणून घरी बसू नये, दाखवूनच यावं. सुट्टीच्या वेळी झटक्याचं औषध लिहून दिलं असेल तर ते एकदम थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. पुन्हा ताप येईल का याकडे सगळं घर डोळे लावून बसतं, आणि तेवढ्यात कान निसटतो. जिवाणूंच्या मेनिंजायटिसनंतर राहणाऱ्या दोषांत ऐकू न येणं हा फार नेहमीचा दोष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे या आजारात साधारण सहातला एक रुग्ण दगावतो आणि पाचातल्या एकाला गंभीर व्याधी उरते. दीड वर्षाचं मूल 'मला ऐकू येत नाही' असं सांगत नाही. ते हाक मारली की वळत नाही, आणि घरचे म्हणतात आजारपणाने हट्टी झालंय. आधी येत असलेले चार शब्दही बोलेनासं होतं, तर म्हणतात अशक्तपणा आहे. ताट वाजवून पाहणं ही तपासणी नव्हे. एका कानाने ऐकणारं मूलही ताटाला वळतं. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते. ती सुट्टीच्या आधी किंवा त्यानंतर महिनाभरात व्हायला हवी.

घाई यासाठी, की सुजलेल्या आतल्या कानात काही आठवड्यांतच हाड धरायला लागू शकतं. शंखाच्या आकाराची ती पोकळी हाडाने भरली तर पुढे कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणं कठीण होतं, कधी अशक्य होतं. जन्मतः बधिर मुलासाठी काही महिने थांबणं आणि मेनिंजायटिसनंतर बधिर झालेल्या मुलासाठी थांबणं यांत हा मोठा फरक आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. पण 'बघू, थोडा मोठा होऊ द्या' या आपल्या सवयीच्या वाक्यात ती संधी बुजून जाते.

कानानंतर वाढ. इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्या वर्षात मेनिंजायटिस झालेल्या दीड हजारांहून अधिक मुलांना पाचव्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा सुमारे १६ टक्के मुलांत लक्षणीय अपंगत्व आढळलं. आजारी न पडलेल्या मुलांत ते प्रमाण दीड टक्का होतं. हे वाचून घाबरायचं कारण नाही, उरलेली ८४ टक्के मुलं त्याच अभ्यासात आहेत. पण काही अडचणी दोन वर्षांच्या वयात दिसतच नाहीत. लक्ष न लागणं, लवकर थकणं, अक्षरं उलटी-पालटी होणं हे पहिली-दुसरीत कळतं, आणि तोवर शाळेत कुणाला जुन्या आजाराची आठवणही नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरपासूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी अंगणवाडी सेविकेने किंवा मास्तरांनी हे एक मूल मुद्दाम पुढे करून 'याला मेंदूज्वर झाला होता' असं सांगितलं, तर त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वेळेवर पाठवता येतं. पहिले काही आठवडे चिकटून बसणं, झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं हे बहुतेक मुलांत होतं आणि जातं. महिन्यांनंतरही मूल मागे पडत असेल तर दाखवायचं.

लसीबाबत गावात उलटाच परिणाम दिसतो. आजार झाल्यावर 'आता सुई नको' म्हणून उरलेल्या लसी थांबवल्या जातात. खरं तर याच मुलाला त्यांची सर्वाधिक गरज असते. दोन वर्षांखालच्या मुलाला हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूचा आजार होऊन गेला तरी त्याच्याविरुद्ध भरवशाची प्रतिकारशक्ती तयार होतेच असं नाही. न्यूमोकॉकसचे तर शंभराहून अधिक प्रकार आहेत, एकाने आजारी पडलेलं मूल दुसऱ्यापासून सुरक्षित होत नाही. हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात आली, सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. त्याआधी ती खासगी दवाखान्यात हजारो रुपयांना विकत घ्यावी लागे, वडनेरच्या शेतमजुराच्या लेकरापर्यंत ती पोचतच नव्हती. जन्मतः दिलेली बीसीजी क्षयाच्या मेनिंजायटिसपासून बऱ्यापैकी वाचवते.

या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं एक काम पुण्यात झालं. आफ्रिकेतल्या सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस या जंतूच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार मेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या पट्ट्यासाठी अर्ध्या डॉलरच्या आत मिळणारी लस बनवली, ती २०१० मध्ये बुर्किना फासोपासून दिली गेली आणि तिथली त्या जंतूच्या अ गटाची साथ जवळजवळ नाहीशी झाली. भारतात मेनिंगोकॉकसची लस सगळ्या मुलांना दिली जात नाही. पण प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्तीत विशिष्ट दोष असलेल्या मुलाला ती घ्यावी लागते, आणि ज्या घरात या जंतूचा रुग्ण सापडतो तिथल्या सगळ्यांना लगेच प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. बाकी बहुतेक प्रकारांत बरं होऊन आलेलं मूल कुणाला काही लावत नाही. शेजारच्या मुलांना त्याच्याबरोबर खेळू द्यायला हरकत नसते, हे आशाताईने दारोदार सांगितलं तर त्या लेकराचं एकटेपण वाचेल. त्याच्या आईलाही तेच सांगायला हवं, कारण 'पोराला उन्हात नेलं', 'थंड पाण्याने आंघोळ घातली' हे आरोप बहुतेक तिच्याच वाट्याला येतात, आणि त्यांतल्या एकानेही मेनिंजायटिस होत नाही.

सुट्टीच्या दिवशी आईबापांनी डॉक्टरांना थांबवून पाच गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात : पाण्यात कोणता जंतू मिळाला किंवा कशाचा संशय होता, औषध किती दिवस झालं, कानाची तपासणी कोणत्या तारखेला, सिकलसेलचा निकाल काय, आणि राहिलेल्या लसी कधी. चार ते सहा आठवड्यांनी बालरोगतज्ज्ञाकडे जायची तारीखही त्यावरच असावी. तो कागद लॅमिनेट करून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावा. रात्री दोन वाजता हिंगणघाटला नवा डॉक्टर समोर असेल तेव्हा घाबरलेल्या आईला काही आठवणार नाही, कागद तिच्या वतीने सांगेल.